सुईणीची सबुरी आणि सुईची घाई

प्रसूतीच्या दोन कळांमधील उसंत केवळ मातेच्या विसाव्यासाठी नसते. गर्भाशय आवळले की वारेकडे जाणारे रक्त अडते. ते सैल पडले की बाळाला पुन्हा प्राणवायू मिळतो. ही उसंतच हरपली तर बाळ गुदमरते आणि प्रसंगी गर्भाशय फाटून मातेच्या जिवावर बेतते. १० मिनिटांत ५ हून अधिक कळा येणे व हा क्रम अर्धा तास टिकणे, किंवा एकच कळ २ मिनिटांहून अधिक राहणे, ही धोक्याची खूण होय. ती ओळखण्यास पोटावर ठेवलेला हात आणि घड्याळ पुरते.

पुष्कळदा हा अतिरेक औषधानेच ओढवतो. ऑक्सिटोसिन सलाइनमधून थेंबाथेंबाने दिले असेल तर ते तत्काळ बंद करता येते. मातेला डाव्या कुशीवर वळवावे, साधे सलाइन द्यावे, बाळाचे ठोके ऐकत राहावे. न भागल्यास डॉक्टर गर्भाशय सैल करणारे टर्ब्युटालिन देतात, अखेर शस्त्रक्रिया करतात. परंतु लवकर सुटका व्हावी म्हणून तेच औषध घरी दंडात टोचले, तर ते परत कसे काढणार?

जोयडा तालुक्यात हा प्रश्न अधिकच बिकट होतो. तालुक्याचे जुने ठाणे सुपे जलाशयाखाली गेले. वाड्या रानात विखुरलेल्या. अडलेल्या बाळंतिणीला दांडेली गाठावी लागते, नाहीतर अणशी घाट उतरून कारवार. शस्त्रक्रियागृह जितके दूर, तितकी ही सुई घातक.

औषध वाईट नव्हे; वेळ चुकते. शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात सहायक परिचारिकांनी बाळ जन्मल्यावर मिसोप्रोस्टॉल दिले, तेव्हा अतिरक्तस्रावाचे प्रमाण शेकडा १२ वरून ६.४ वर आले. 'लॅन्सेट'ने २००६ मध्ये ते प्रसिद्ध केले. तेथे मात्रा ६०० मायक्रोग्रॅम होती. कळा सुरू करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना एका वेळी तोंडावाटे केवळ २५ सांगते. जे जन्मानंतर तारते, तेच जन्मापूर्वी मारू शकते.

म्हणून आमचे सरकारला सांगणे आहे की, कळांचे औषध चालू असताना मातेजवळून परिचारिका क्षणभरही हलू नये, इतके मनुष्यबळ द्यावे. आणि दुर्गम वाड्यांतील जोखमीच्या गर्भवतींची, दिवस भरण्याआधीच, रुग्णालयाजवळ राहण्याची सोय करावी. घरच्या वडीलधाऱ्यांनीही सुईसाठी हट्ट धरू नये. नऊ महिने धीर धरणाऱ्यांनी शेवटच्या चार घटकांत तो सोडू नये.