पिल्लू बोटावर चढतं, ते प्रेमाने नव्हे

ती रील तुम्हीही पाहिली असेल. करंगळीएवढं हिरवं पिल्लू कुणाच्या तरी बोटावर चढतंय, झुलत झुलत एकेक पाऊल टाकतंय आणि मग डोळे मिटून शांत बसतंय. मागे गोड संगीत. खाली कमेंटी: "किती क्यूट!" "कुठे मिळेल?" "किंमत इनबॉक्स करा."

त्या रीलमध्ये खरं काय चाललंय ते सांगते. शॅमेलिऑन घाबरला की वर चढतो आणि तुमचं बोट ही त्याच्या सगळ्यात जवळची फांदी असते. झुलत चालणं ही वाऱ्यावर हलणाऱ्या पानात मिसळून जाण्याची त्याची जुनी सवय. आणि मिटलेले डोळे? हा प्राणी डोळे मिटतो ते रात्री झोपताना. दिवसाढवळ्या मिटून बसला असेल तर तो आजारी तरी आहे, नाहीतर प्रचंड ताणाखाली. आपण ज्याला बदाम देतो, ती एका जीवाची भीती आहे.

म्हणून सरळच म्हणते: शॅमेलिऑनची पिल्लं विकत घेणं थांबवा. "नीट माहिती काढून घ्या" असं मीही पूर्वी म्हणायचे. आता म्हणत नाही.

माझ्या मावसभावाने असंच एक पिल्लू आणलं होतं. व्हेल्ड जातीचं, म्हणजे मूळ येमेन आणि सौदी अरेबियातलं. मोठेपणी डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंच तुरा येतो ती जात. मिठाईच्या प्लास्टिकच्या डब्यात, झाकणाला भोकं पाडून, ते एस.टी.च्या पार्सलसारखं हातात पडलं. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "काही लागत नाही हो. दोन किडे टाकायचे, वाटीत पाणी ठेवायचं." दुसऱ्या दिवशी भावाचा व्हिडिओ कॉल आला: "ताई, बघ ना, याला मी आवडतो!"

विकणाऱ्याच्या त्या वाक्यात तीन थापा होत्या.

पहिली पाण्याची. शॅमेलिऑनला वाटीतलं साचलेलं पाणी सहसा पाणी वाटतच नाही. तो पानांवरचे दवाचे, पावसाचे थेंब चाटतो. घरात त्याच्यासाठी पानांवर दिवसातून अनेकदा बारीक फवारा मारावा लागतो, थेंब थेंब गळती लावावी लागते. पण पिंजरा दिवसभर ओलाच राहिला, हवा खेळली नाही, तर छातीचा संसर्ग होतो. काचेच्या पेटीत नेमकं हेच घडतं. मोठा शॅमेलिऑन एखाददुसरा कोरडा दिवस काढेल. इवल्या पिल्लाच्या अंगात पाण्याचा साठा तो किती?

दुसरी थाप किड्यांची. वाढत्या पिल्लाला दिवसातून दोन-तीनदा पोटभर खायला लागतं, आणि प्रत्येक किडा त्याच्या डोक्याच्या रुंदीहून लहान हवा. म्हणजे नुकते जन्मलेले रातकिडे किंवा केळ्यावर घोंगावणाऱ्या फळमाश्या. त्या रोज मिळायच्या तर घरात त्यांची पैदास करावी लागते. त्या किड्यांना आधी सकस खाऊ घालायचं, मग त्यांच्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरवायची. न खाल्लेला मोठा रातकिडा रात्री पिंजऱ्यात राहिला तर तोच झोपलेल्या पिल्लाला कुरतडतो. भावाने बाजारातले मिळतील ते रातकिडे टाकले होते. निम्मे पिल्लाच्या डोक्याएवढे होते.

तिसरी थाप सगळ्यात जीवघेणी: "काही लागत नाही." त्याला सूर्य लागतो. उन्हातल्या यूव्हीबी किरणांमुळे त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होतं, त्याशिवाय पोटात गेलेलं कॅल्शियम हाडांपर्यंत नीट पोचत नाही. खिडकीची काच हे किरण अडवते आणि साध्या एलईडी बल्बमध्ये ते नसतात. त्यासाठी खास ट्यूब लागते, आणि ती दिसायला लख्ख पेटत असली तरी सहा महिने ते वर्षभरात तिचं यूव्हीबी ओसरतं. म्हणजे डोळ्यांना उजेड दिसत राहतो आणि पिल्लू अंधारातच वाढत राहतं. मग उन्हात ठेवावं म्हटलं, तर एवढंसं अंग काही मिनिटांत तापतं. काचेच्या पेटीत तर भाजूनच निघतं.

सहाव्या आठवड्यात भावाचा पुन्हा फोन आला. पिल्लू जीभ टाकत नव्हतं. पुढचे पाय धनुष्यासारखे वाकले होते, खालचा जबडा रबरासारखा मऊ झाला होता. याला मराठीत मुडदूस म्हणतात. आपल्या आज्यांना हा शब्द माहीत होता. हाडं अशी मऊ पडली की जिभेला आधार देणारं हाडही निकामी होतं. म्हणजे समोर किडा असून पिल्लू उपाशी. जवळच्या जनावरांच्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की त्यांनी असा प्राणी कधी तपासलेला नाही. चार दिवसांनी ते गेलं. विकणाऱ्याला कळवलं, तर उत्तर आलं, "नेक्स्ट बॅच आली आहे, डिस्काउंट देतो."

मला त्या उत्तराचा राग आहे, भावाचा नाही. या जातीची मादी एका वेळी तीस-चाळीस, कधी त्याहून जास्त अंडी घालते. पिल्लं स्वस्त पडतात, आणि त्यातली किती मरणार हे त्या भावातच धरलेलं असतं.

यावर ठरलेला प्रतिवाद येतो: "ही पिल्लं जंगलातून आणलेली नाहीत, पिंजऱ्यातच जन्मलेली आहेत. त्यांना सवय असते." सवय कशाची? पिंजऱ्यात जन्मल्याने हाडांना सूर्य लागायचा थांबत नाही, की हात बघून उडणारा थरकाप जात नाही. आणखी एक पेच आहे. पिल्लं एकत्र ठेवली तर दांडगी पिल्लं बारक्यांना दाबतात, खाणं आणि उबेची जागा बळकावतात. म्हणून प्रत्येकाला वेगळं ठेवा, असा सल्ला दिला जातो. पण २०१४ साली याच व्हेल्ड जातीच्या पिल्लांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकेकटी वाढवलेली पिल्लं नंतर दुसऱ्या पिल्लासमोर जास्त दबून राहिली, त्यांचा रंग जास्त काळपट होता आणि भक्ष्य पकडण्यातही ती मागे पडली. म्हणजे एकत्र ठेवलं तर चिरडतात आणि वेगळं ठेवलं तर कोमेजतात. दोन बाय दोनच्या पेटीत याला उत्तर नाही. ते मोकळ्या झुडपात आहे, जिथे भावंडं दिसतातही आणि नको तेव्हा पानाआड जाताही येतं.

हे सगळं निगुतीने करणारे लोक आहेत, हे मला मान्य आहे. ते जाळीचा उंच पिंजरा करतात, खरी झाडं लावतात, किडे पैदा करतात आणि पिल्लाला हात लावत नाहीत. पण तसा माणूस हजारात एखादा, आणि बाजार चालतो तो उरलेल्या नऊशे नव्याण्णवांवर. शिवाय हे प्राणी साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. भारतात असे प्राणी बाळगणाऱ्यांनी सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी, असे नियम २०२४ साली आले. मिठाईच्या डब्यातून आलेल्या पिल्लासोबत कुठला कागद येतो?

आता घराजवळ बघा. आपल्याकडे स्वतःचा शॅमेलिऑन आहे. घोयरा म्हणतात त्याला, कुठे सरडगुहिरा. येमेनच्या त्या पिल्लाचा तो सख्खा कुळबंधू, एकाच प्रजातीगटातला. बाभळीवर, बांधावरच्या झुडपात राहतो. तो विषारी नाही, तरी विषारी समजून पोरं त्याला दगडांनी ठेचतात. रस्ता ओलांडताना तर सावकाश चालण्यापायीच चिरडला जातो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणं, पाळणं, विकणं गुन्हा आहे. परदेशी घोयऱ्यासाठी आपण पैसे मोजतो आणि गावच्या घोयऱ्यासाठी दगड उचलतो.

तुमच्या घरात आधीच पिल्लू असेल, तर अपराधी वाटून घेत बसू नका. आजच यूव्हीबी ट्यूब लावा, काच काढून जाळी लावा, पानांवर फवारा सुरू करा, कॅल्शियम आणा, सरपटणारे प्राणी तपासणारा डॉक्टर शोधा. ते सोडवत नाही म्हणून माळावर नेऊन सोडू मात्र नका. फ्लोरिडात आणि हवाईत पाळलेले व्हेल्ड शॅमेलिऑन मोकळ्यावर गेले आणि तिथे परके असूनही ठाण मांडून बसले. आणि कृपा करून त्याला बोटावर घेऊ नका.

भावाची काचेची पेटी अजून माळ्यावर आहे. परवा त्याचा फोन आला. गावाकडच्या रस्त्यावर घोयरा आडवा आला म्हणून त्याने गाडी थांबवली होती, मागच्या टेम्पोलाही हात करून थांबवलं होतं. घोयऱ्याने रस्ता ओलांडायला पाच-सहा मिनिटं घेतली. टेम्पोवाला शिव्या देत होता.

"व्हिडिओ काढलास?" मी विचारलं.

"नाही गं ताई. दोन्ही हात वर करून उभा होतो."