शेपूट म्हणजे सही नव्हे

माझा विरोध डोंगराला नाही, कुत्र्याला नाही आणि मे महिन्याला तर विरोध करून उपयोगच नाही. एप्रिल संपला की तो कोणाची परवानगी न घेता येतोच. माझा विरोध आहे तो या तिघांना एकत्र आणणाऱ्या चौथ्या प्राण्याला. हा प्राणी दोन पायांचा असतो. त्याच्या डोक्यावर टोपी, डोळ्यांवर गॉगल, नाकावर पांढरे मलम, पाठीवर तीन लिटर पाणी आणि हातात एक पट्टा असतो. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला जो असतो, त्याच्या अंगात मात्र कायमची केसाळ बंडी असते आणि ती काढून ठेवायला देवाने त्याला बटणे दिलेली नाहीत.

पूर्वी कुत्रे घर राखायला पाळत. मग घरे फ्लॅटमध्ये गेली, वॉचमन आले आणि कुत्र्याचे ते खाते बंद झाले. पुढे त्याला वाढदिवस आला, केक आला, थंडीत स्वेटर आला. आता ट्रेक आला आहे. ट्रेक म्हणजे आपण पूर्वी ज्याला नुसते गडावर जाणे म्हणत होतो तेच; फक्त बूट महाग. गडावरच्या फोटोत बुरूज असला तर बारा अंगठे मिळतात आणि बुरुजावर कुत्रे असले तर दीडशे मिळतात, असे आमच्या शेजारच्या चिरंजीवांनी मला समजावून सांगितले. एका कुत्र्यामागे एकशे अडतीस अंगठे! एवढे व्याज आमची बँक कोणालाही देत नाही.

अंगठ्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. मी बँकेत क्लार्क आहे. (हल्ली आम्हाला कस्टमर सर्व्हिस असोसिएट म्हणायचे ठरले आहे, पण काउंटरच्या पलीकडून हाक येते ती 'ओ साहेब, ओ' अशीच.) अंगठा उठवणारा खातेदार आला की आम्ही त्याला व्यवहार वाचून दाखवतो, समजला का विचारतो, साक्षीदार उभा करतो आणि मग पैसे मोजतो. खरेदीखतात, मृत्युपत्रात तर 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने' असे स्पष्ट लिहावे लागते. कुत्र्याच्या बाबतीत काय होते? "काय रे राजा, भूर जायचं?" एवढाच ठराव मांडला जातो. या भूरमध्ये तीन तासांची चढण आहे, वर ऊन आहे, खाली तापलेला कातळ आहे, वाटेत झाड नाही, हे बारीक अक्षरांतले कलम कोणी वाचून दाखवत नाही. कुत्रे शेपूट हलवते. झाली सही!

अहो, शेपूट म्हणजे सही नव्हे. पशुवैद्याकडे सुई टोचायला नेतानाही ते गाडीत बसेपर्यंत शेपूट हलवतच असते.

"पण त्याला तिथं आवडतं हो!" असे मालक म्हणतात. आवडते हे कशावरून? तर ते तोंड उघडून जीभ बाहेर काढून हसत असते! इथे मला थोडा हिशेब मांडायला हवा. मी बी.कॉम. असल्यामुळे शरीरशास्त्रही मला जमाखर्चातच समजते. उन्हात चढ चढताना अंगात उष्णता दोन बाजूंनी जमा होते. एक वरून उन्हाची, दुसरी आतून, राबणाऱ्या स्नायूंची. माणसाला ती खर्ची टाकायला अख्खे अंग मोकळे आहे. आपण घामाने न्हातो, वारा लागतो, गार वाटते. कुत्र्याला घाम फुटतो तो मुख्यतः पायांच्या तळव्यांना, म्हणजे चिल्लर खर्च. बाकी सगळी रक्कम एकाच खिडकीतून बाहेर जाते, ती म्हणजे तोंड. ल्हाल्हा करून जिभेवरचे, घशातले पाणी उडवायचे आणि त्याबरोबर जाईल तेवढी उष्णता घालवायची. एक तारखेला पेन्शनरांची रांग रस्त्यापर्यंत गेली आहे आणि काउंटर एकच चालू आहे, असा हा प्रकार. मालकाला जे हसू वाटते ते म्हणजे ही रांग.

त्यात शिल्लक मुळातच चढी. धडधाकट कुत्र्याचे तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असते. तेवढा ताप आम्हाला आला तर आम्ही मेडिकल लिव्ह टाकतो. ते १०५-१०६ कडे सरकले की गोष्ट गळ्याशी येते. मेंदू, मूत्रपिंडे, आतडी, सगळ्यांनाच झळ पोचते. चपट्या नाकाच्या पगची तर ती एकुलती एक खिडकीही अर्धीच उघडते. लॅब्रॅडॉरचे मूळ कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या थंड किनाऱ्यावरचे. हस्की सायबेरियातला, बर्फावर गाडी ओढणारा. आपल्याकडे वैशाखात ज्याला पंख्याखालीसुद्धा चैन पडत नाही, त्याला सह्याद्रीच्या काळ्या कातळावर चालवायचे! त्या कातळावर स्वतःच्या हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. टेकवत नसेल, तर त्यावर चार अनवाणी पाय कसे टिकावेत? आपण जाड तळाच्या बुटांतून "आज फार नाही तापलंय" म्हणतो.

हे सगळे पुस्तकी नाही. मागच्या मे महिन्यात आमच्या सोसायटीने राजगड काढला. शेजाऱ्यांचा सहा वर्षांचा लॅब्रॅडॉर ब्रूनो बरोबर. मी आदल्या रात्रीच म्हटले होते की कुत्र्याला नेऊ नका, नेणारच असाल तर अंधारात निघा. "अहो, तुम्ही बँकेतले. तुम्हाला सगळीकडे बुडीत कर्जच दिसायचं!" शेजारी म्हणाले आणि विषय संपला. अंधारात निघणे दूरच. नसरापूरला मिसळ झाली, मिसळीवर चहा झाला, आणि पायथ्याच्या गुंजवण्यातून आम्ही चालायला लागलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. चोरदरवाजाची ही वाट आधी झाडीतून जाते, तिथवर ब्रूनो मजेत होता. झाडी संपली आणि उघडी सोंड लागली. अकराच्या सुमारास तो शेवटच्या झाडाखाली बसला. जीभ हातभर बाहेर, गडद लाल, तोंडातून चिकट लाळेच्या तारा.

"नाटकं आहेत," शेजारी म्हणाले. "घरी सोफ्यावरून उतरवतानाही हेच करतो. ब्रूनो, कम! ऊठ बेटा."

आणि तो उठला. मला या सबंध प्रकरणात सर्वांत भयंकर वाटते ते हेच. मालकाने हाक मारली म्हणून तो उठला आणि त्या अवस्थेत वीस-पंचवीस पावले चढलादेखील. मग त्याचे मागचे पाय दुमडले.

जवळच ताडपत्रीच्या सावलीत एक बाई ताक विकायला बसल्या होत्या. त्या ओरडल्या, "आवं दादा, वढू नगा त्येला! जीब बगा की त्येची. मुकं जनावर हाय, त्ये काय बोलनार?" आणि आम्ही सहा पदवीधर एकमेकांच्या तोंडाकडे बघत असताना त्यांनी आपला हंडा उचलला आणि ब्रूनोच्या पोटावर, जांघेत, पंजांवर धार धरली. मग पदराने वारा घालायला लागल्या. मे महिन्यात डोंगरावरच्या हंडाभर पाण्याची किंमत काय, हे ज्याने तो डोक्यावरून वर आणला त्यालाच ठाऊक. शेजाऱ्यांनी नंतर त्यांना पाचशेची नोट दिली. त्यांनी ती घेतली आणि वर चार गोष्टी सुनावल्याही. दोन्ही हक्काने.

पुढचे थोडक्यात. जेवायला अंथरायची म्हणून आणलेल्या सतरंजीची झोळी केली, चौतीस किलोंचा ब्रूनो पाळीपाळीने खाली आणला, ओला पंचा अंगावर टाकून, काचा उघड्या ठेवून गाडी पळवली आणि दोन दिवस सलाईनवर राहून तो वाचला. सगळे वाचत नाहीत.

या गडबडीत एका गृहस्थाचा उल्लेख राहिला. गुंजवण्यातून निघताना गावातला एक पिवळा कुत्रा आमच्याबरोबर आपणहून निघाला होता. कोणी बोलावले नव्हते. दोन ग्लुकोज बिस्किटांवर त्याने आमची वाटाड्याची नोकरी धरली. झाडीत तो पुढे पुढे, करवंदीच्या जाळीतून, सावलीतून सावलीत. जिथे झाडी संपली तिथे तो थांबला. त्याने वर सोंडेकडे पाहिले, उन्हाकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले. आमच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिले असे मला वाटते. आणि आल्या वाटेने परत गेला. ना राजीनामा, ना नोटीस.

आता सांगा, शहाणा कुत्रा कोणता? तुम्ही म्हणाल, गावचा. मी म्हणतो, दोघेही तेवढेच शहाणे. फरक एवढाच, की पिवळ्याला परत फिरण्याची मुभा होती आणि ब्रूनोला नव्हती. बरे, पट्टा सोडला असता तर तो फिरला असता? मुळीच नाही. मालक पुढे चालतोय म्हटल्यावर हा इमानी जीव कोसळेपर्यंत मागे चालणार. ज्या इमानाचे आपण गोडवे गातो, तेच मे महिन्यात त्याच्या जिवावर उठते. 'नाही' म्हणणे त्याच्या हातात नाही, पंजातही नाही. म्हणून ते मालकानेच म्हणायचे असते, आणि घरातच म्हणायचे असते, सोंडेवर पोचल्यावर नव्हे.

हे मी सोसायटीच्या सभेत बोललो तर एका ज्येष्ठ सभासदांनी थेट महाभारत काढले. "धर्मराज कुत्र्याला घेऊन डोंगर चढलेच ना?" अहो आजोबा, घेऊन नाही चढले. तो कुत्रा आपणहून मागे चालत होता. व्यासांनी पट्ट्याचा उल्लेख केलेला नाही. वाटेत द्रौपदी पडली, सहदेव, नकुल, अर्जुन पडले, भीमासारखा भीम पडला, पण कुत्रा पोचला, हे खरे. पण तो मुळात साक्षात यमधर्म होता. शिवाय डोंगर हिमालय होता, बर्फाचा. तुमचा ब्रूनो यमधर्म नाही. त्याला मे महिन्यात भर दुपारी गड चढवलात, तर यमधर्माची आणि त्याची गाठ पडेल एवढेच. आणि धर्मराजाचे मोठेपण कशात? कुत्र्याला टाकून मी रथात बसणार नाही, असे त्याने इंद्राला तोंडावर सांगितले. 'जरा रथाशेजारी बसव, फोटो घेतो' असे तो म्हणाला नाही.

"मग काय त्याला घरात कोंडून घालायचं?" हा पुढचा प्रश्न. नाही हो. पुण्यात वेताळ टेकडी आहे, पहाटे साडेपाचला ती गार असते, तिथे न्या. नोव्हेंबर ते जानेवारी गडावरही न्या, त्याचे पाणी वेगळे घ्या, शेळ्या दिसल्या की पट्टा आखूड धरा. वर्षाचे बारा महिने असताना नेमका मेच कशाला? मुलांना सुट्टी असते म्हणून? सुट्टी मुलांना आहे. कुत्र्याला बाराही महिने सुट्टीच असते. उन्हात तापायची हौस माणसाने जरूर करावी. तो मतदार आहे, सज्ञान आहे, डोके दुखायला लागले की 'मी खाली जातो' म्हणायला त्याला तोंड आहे.

यंदा मे महिन्यात तोरण्याचा बेत ठरला आहे. ब्रूनो येणार नाही, असे मी सोसायटीच्या ग्रुपवर परस्पर जाहीर करून टाकले. शेजाऱ्यांनी चिडलेल्या चेहऱ्याचे चित्र टाकले. दोन मिनिटांनी त्यांच्या सौभाग्यवतींनी खाली अंगठा उठवला. त्यामुळे त्या दिवशी ब्रूनो आमच्याकडे, पंख्याखाली, थंड फरशीवर. आमच्या हिने त्याच्यासाठी ताक करायचे कबूल केले आहे. मी रजेचा अर्ज दिला, कारणाच्या रकान्यात 'घरगुती काम' लिहिले. मॅनेजरसाहेबांनी चष्म्यावरून पाहत विचारले, "काम कसलं?"

मी म्हटले, "पाहुणे यायचेत साहेब."