संकराचे आईबाप

अमरगोळच्या बाजार समितीच्या आवारात कापूस पाहिला, की मला ‘वरलक्ष्मी’ आठवते. १९७२ साली धारवाडला बी. एच. कटारकी यांनी ‘लक्ष्मी’ ही अमेरिकन कपाशी आणि ‘एस. बी. २८९ ई’ ही बार्बाडेन्स कपाशी, अशा दोन निराळ्या जातींचा संकर करून ती दिली.

संकराच्या एकाच पेशीत दोघांची जनुके नांदतात. पण सारखी राबत नाहीत. कुठे आईचे जनुक जास्त कामी येते, कुठे बापाचे. काही दोघांच्याही पुढे जातात. हे सारे आईबापांच्या वेगळेपणातून येते. पुढच्या पिढीत हा मेळ विस्कटतो, म्हणून शेतकऱ्याला दरवर्षी नवे बियाणे विकत घ्यावे लागते.

आपण गोडवे संकराचे गातो आणि मूळ वाण विसरतो. माझ्या मते, ते वाण जपणे हेच पहिले काम. वेगळेपणच उरले नाही, तर संकर करायचा कशाचा?