पोर्तो रिकोचे वगळलेले कलम

वसाहतवादाचे समर्थक हिशेबाची एक वही नेहमी हाताशी ठेवतात. किती इस्पितळे बांधली, किती शाळा उघडल्या, याच्या नोंदी तीत असतात. निर्णय कोणी घेतले, हा रकाना तेवढा कोरा असतो. कॅरिबियन समुद्रातील पोर्तो रिकोचा इतिहास पाहिला की तो कोरा का ठेवावा लागतो, हे उमगते.

२५ जुलै १८९८ रोजी अमेरिकन फौजा या बेटावर उतरल्या. त्याच वर्षीच्या तहाने स्पेनने बेट अमेरिकेच्या हवाली केले. रहिवाशांना कोणी विचारले नाही. १९०० च्या कायद्यान्वये गव्हर्नर नेमण्याचा अधिकार अमेरिकन अध्यक्षाकडे गेला.

काही हिताची कामे झाली, हे आम्ही नाकारीत नाही. अनवाणी राबणाऱ्या मजुरांना अंकुशकृमीमुळे होणारा पंडुरोग लष्करी डॉक्टर बेली ॲशफर्ड यांनी ओळखला आणि १९०४ पासून लाखोंवर उपचार झाले. परंतु जंतावर औषध वाटणे वेगळे आणि मजुराला वहाण व पोटभर अन्न मिळेल एवढी मजुरी देणे वेगळे. ते दुसरे काम साखर कंपन्यांच्या नफ्याआड येत होते. पुढे दारिद्र्याचे खापर स्त्रियांच्या कुशीवर फुटले. १९३७ च्या कायद्याने नसबंदीला मोकळीक दिली, आणि १९६५ च्या पाहणीत सुमारे एक तृतीयांश मातांची नसबंदी झालेली आढळली. १९५६ मध्ये गर्भनिरोधक गोळीची चाचणीही येथील गरीब स्त्रियांवरच झाली; हा प्रयोग आहे, हे त्यांना सांगितले गेले नाही.

शाळांची कथाही तीच. स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांवर इंग्रजी माध्यम लादण्याचे प्रयत्न अर्धशतक चालले, कारण शिक्षणखात्याचा प्रमुख वॉशिंग्टनहून नेमला जाई. १९४८ मध्ये जनतेने प्रथमच आपला गव्हर्नर निवडला आणि १९४९ मध्ये स्पॅनिश पुन्हा माध्यम झाली!

१९५२ मध्ये बेटाने स्वतःची राज्यघटना मतदानाने संमत केली. तिच्या विसाव्या कलमात शिक्षण, काम, वैद्यकीय मदत आणि पुरेसे राहणीमान हे मानवी हक्क म्हणून मान्य केले होते. अमेरिकन काँग्रेसने नेमके हेच कलम वगळावयास लावले. इस्पितळ उपकार म्हणून चालते, हक्क म्हणून चालत नाही, याची याहून स्पष्ट कबुली कोणती?

२०१६ मध्ये कर्जवसुलीच्या निमित्ताने बेटाच्या तिजोरीवर अमेरिकन अध्यक्षाने नेमलेले वित्तीय मंडळ बसले. २०१७ च्या मारिया वादळात प्रथम ६४ मृत्यू सांगण्यात आले. वर्षभराने सरकारला २,९७५ हा आकडा स्वीकारावा लागला. २०१८ मध्ये अडीचशेहून अधिक शाळा बंद झाल्या.

सत्ताधारी कल्याणाची यादी वाचून दाखवू लागले, की कार्यकर्त्यांनी एकच प्रश्न विचारावा : हे लोकांना मिळाले ते हक्काने की मेहेरबानीने? मेहेरबानी देणारा ती केव्हाही काढून घेऊ शकतो. लढा द्यावयाचा तो त्या वगळलेल्या कलमासाठी.