‘गुन्हा कबूल’ म्हणण्यापूर्वी

राहू बेटात उसाचा हंगाम लागला की आपली पोरे रात्रंदिवस ट्रॅक्टर-टेम्पोवर असतात. त्यातला एखादा दारू पिऊन गाडी हाकताना सापडतो. घरचे म्हणतात, “कबूल कर, दंड भर अन् मोकळा हो.” या मोकळे होण्याबद्दलच आम्हाला लिहायचे आहे.

दारूपासून दूर राहण्याचे शील आपण घेतले आहे. पिऊन गाडी चालवणाऱ्याची बाजू आम्ही घेणार नाही. पण शिक्षा भोगायची तर ती समजून भोगावी.

मोटार वाहन कायद्याचे हे कलम १८५. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य निघाले की गुन्हा होतो. तो रस्त्यावर पावती फाडून मिटत नाही, कोर्टातच जावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीपासून पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार दंड किंवा दोन्ही. खरा घाव मात्र पुढे आहे. दोषी ठरल्यावर किमान सहा महिने लायसन बंद होते. ज्याची भाकरी स्टिअरिंगवर आहे, त्याने दहा हजारांच्या आधी हे मोजावे. शिवाय कबुलीवर शिक्षा झाली की दोषी ठरवण्याविरुद्ध अपील नाही. शिक्षा जास्त किंवा बेकायदा असेल तेवढ्यापुरतेच.

नाकबूल म्हणणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. पुरावा दाखवा, एवढाच त्याचा अर्थ. फुंकणीच्या मशीनचा आकडा, डॉक्टरचा दाखला, सारे सरकारला सिद्ध करावे लागते. अटक झाल्यास दोन तासांत वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे, नाहीतर कोठडीतून सोडावे लागते (केस मात्र संपत नाही). फुंकायला नकार देऊ नये. तो विरोधात जातो. कागदांचे मोल पुण्याने मे २०२४ मध्ये पाहिले. कल्याणीनगरच्या अपघातात दोघे तरुण गेले आणि रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली. गरिबाने निदान आपल्या कागदाची नक्कल मागावी.

पुरावा पक्का असेल तर कबूल करून, घरची परिस्थिती सांगून कमी शिक्षेची विनंती करता येते. पण हे वकिलाला विचारून. अनुसूचित जातीच्या माणसाला, मिळकत कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो, आणि १९९० पासून बौद्धांनाही त्या जातींत धरले आहे. दौंडच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जातीचा दाखला घेऊन तारखेच्या आधी जावे, किंवा १५१०० वर फोन करावा.