भिंतीवरचे आणि विंगेतले

गेल्या वर्षी वर्गातील परिसंवादात माझी चांगलीच फजिती झाली. विषय होता जनाबाईंचे अभंग. लॅपटॉपला प्रोजेक्टर जोडला, बटण दाबले आणि भिंतीवर माझी खाजगी टिपणे झळकली : ‘येथे थोडे थांबावे. सरांकडे पाहावे.’ साऱ्या वर्गाने माझ्याआधीच सरांकडे पाहिले!

दोष यंत्राचा नव्हता. दोन पडद्यांची अदलाबदल झाली होती, आणि ती ‘स्वॅप’ म्हणून सुधारता येते हे मला ठाऊक नव्हते. पॉवरपॉइंट १९८७ साली प्रथम मॅकिन्टॉश संगणकासाठी आले. त्यात आता ‘प्रेझेंटर व्ह्यू’ नावाची सोय आहे. श्रोत्यांना भिंतीवर केवळ स्लाइड दिसते. वक्त्याला लॅपटॉपवर पुढची स्लाइड, टिपणे आणि घड्याळही दिसते. विंडोज आणि ‘पी’ ही बटणे एकदम दाबून ‘एक्स्टेंड’ निवडले की दोन पडदे वेगळे होतात. ‘ड्युप्लिकेट’ म्हणजे दोन्हीकडे एकच चित्र.

ही व्यवस्था आपल्याला नवी वाटू नये. ठाण्यात १९७८ साली गडकरी रंगायतन उभे राहिले. कल्याणात अत्रे रंगमंदिर आहे, डोंबिवलीत सावित्रीबाई फुले कलामंदिर आहे. येथल्या विद्यार्थ्याला विंग म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. प्रॉम्प्टर संहिता घेऊन विंगेत उभा असतो, तो प्रेक्षकांना दिसत नाही. लॅपटॉप ही आपली विंग, भिंत हा रंगमंच.

माझी फजिती चुकून झाली. पण आपण बहुतेक जण तीच गोष्ट जाणूनबुजून करतो! अख्खे टिपण भिंतीवर चढवतो आणि श्रोत्यांकडे पाठ करून वाचतो. आपण एक ओळ उच्चारेपर्यंत श्रोत्यांच्या चार ओळी वाचून झालेल्या असतात. मग ऐकायचे कोणी, आणि कशासाठी?

असे का होते? भीतीमुळे. माइकसमोर प्रथमच उभे राहणाऱ्याला विसरण्याची धास्ती वाटणारच. तिच्यावर हसू नये. पण भीतीचा आधार विंगेत ठेवावा. भिंतीवर अभंग तेवढा मोठ्या अक्षरांत असावा. त्याचा अर्थ आपल्या तोंडून यावा. काही प्राध्यापक म्हणतात, सर्व मजकूर भिंतीवर असला की मुलांना उतरवून घेता येतो. त्यासाठी झेरॉक्स आहे. परिसंवादाला गुण असतात, तर आदल्या दिवशी प्रोजेक्टरवर दहा मिनिटांची तालीमही मिळावी, एवढीच प्राध्यापकांना नम्र विनंती.

आणि मित्रहो, लॅपटॉपवरची टिपणेही अथपासून इतिपर्यंत वाचू नयेत. प्रॉम्प्टर असतो तो अडलेल्या शब्दासाठी. सारे नाटक त्यानेच म्हणायचे, तर नटाने रंगमंचावर यावे कशाला?

— एक विद्यार्थी, तृतीय वर्ष कला