थरथरता हात आणि बुद्धीची परीक्षा

कंपवाताच्या रुग्णाचा हात थरथरतो, चेहरा निर्विकार होतो, बोलणे मंदावते. तेवढ्यावरून 'म्हातारा भ्रमिष्ट झाला' असे आपण बोलून मोकळे होतो. उलट बाजूची चूकही जुनीच आहे. १८१७ साली जेम्स पार्किन्सन यांनी या रोगाचे वर्णन केले, तेव्हा बुद्धी शाबूत राहते असे त्यांनी लिहिले होते. आज आपण जाणतो की पुढे अनेकांची बुद्धीही क्षीण होते. आणि पुष्कळदा स्मरणशक्तीच्या आधी अवधान व नियोजनशक्ती ढळते.

तेव्हा चाचणी हवीच. पण ती डोळसपणे व्हावी. १९७५ ची 'मिनी मेंटल' चाचणी नियोजनशक्ती फारशी तपासत नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेली ३० गुणांची 'मोका' चाचणी ती तपासते. मात्र तीत घड्याळ काढावे लागते, एका अक्षराचे शब्द मिनिटभरात सांगावे लागतात. रेघ वाकडी गेली ती हातामुळे की बुद्धीमुळे? शब्द अडले ते आजारामुळे की परक्या भाषेमुळे?

आपल्या सीमाभागात हा प्रश्न घरोघरचा आहे. मराठी शाळेत शिकलेल्या आजोबांची परीक्षा मराठीतच व्हावी, कन्नड शाळेत शिकलेल्या आजींची कन्नडमध्येच. ती औषधाचा अंमल असताना घ्यावी. शिवाय गोळ्यांच्या वेळा, बाजारहिशेब त्यांना जमतो का, हेही घरच्यांना विचारावे. नुसत्या गुणांवरून कुणाच्या शब्दाची किंमत ठरवणे, हा त्या माणसावर अन्यायच होय.